ह्या गल्लीत नाही

टोपीला कुंकू लावायचं की नाही, यावरून सकाळपासून हंचाट्यांच्या कारखान्यात खडाजंगी चालली होती.

कारखाना म्हणायचा तो आता हयात नसलेले आप्पा म्हणत असत म्हणून. नाहीतर बंगळूरच्या चिकपेटेतल्या अरुंद गल्लीतली, पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली ती. खाली साड्यांची घाऊक दुकानं, वर ब्लाऊज आणि शाळेचे युनिफॉर्म शिवणारे हंचाटे. आज खंडेनवमी म्हणून मशीनं बंद होती आणि सगळी हत्यारं पाटावर मांडून झाली होती. मोठ्या कात्र्या, गज, इस्त्री, खडू, बोटात घालायची अंगुस्तानं. आप्पांच्या जुन्या पायमशीनला झेंडूचा हार होता आणि विजेच्या मशीनांना शेवंतीचे. खाली रस्त्यावर स्कूटरींना केळीचे खुंट बांधलेले, चाकांखाली लिंबं, आणि जिकडेतिकडे कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्यांचा लगदा. अशा दिवशी माणसानं मुकाट प्रसादाचे चणे-कुरमुरे, म्हणजे कडलेपुरी, खावी आणि घरी जाऊन ताणून द्यावी. पण हंचाट्यांच्या घरात सणवार इतक्या स्वस्तात कधी पार पडला आहे?

टोप्या ध्रुवनं आणल्या होत्या. आप्पांमागं कारखाना चालवणारे त्यांचे थोरले चिरंजीव ज्योतिबाअण्णा, त्यांचा हा एकुलता एक मुलगा, इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपनीत असतो. निळ्या टोप्या, कपाळावर बटणाएवढा कॅमेरा. त्यानं त्या इस्त्रीशेजारी नीट ओळीनं मांडल्या. महानंदा कुंकवाचं बोट सगळ्या हत्यारांना लावत आली आणि टोप्यांपाशी तिनं हात मागं घेतला.

"ह्याला नको."

"आत्या, अगं हेही हत्यारच आहे. दसरा झाला की हेच घालून काम करायचंय."

"हत्यार म्हणजे ज्यानं काम होतं ते. ह्यानं मी काय करू? कापू का शिवू?"

"काही करायचं नाही. नुसती टोपी घालायची."

"मग असं सरळ सांग की, आम्हाला टोपी घालायला आलोय म्हणून!" कोपऱ्यात कडलेपुरीचे पुडे बांधत बसलेला योगीराज म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर फिसकन हसला.

ज्योतिबाअण्णांनी डोळे वटारले. योगीराजचं हसू होतं तिथंच विरलं. धाकटा भाऊ, कारखान्याचा कटिंग मास्टर, पन्नाशीला आलेला माणूस. पण थोरल्यानं बघितलं की शाळेत असल्यासारखा गप्प व्हायचा.

"महानंदा, लाव कुंकू," अण्णा म्हणाले. "ती ध्रुवच्या कंपनीतली मॅडम यायची वेळ झाली. तिच्यासमोर हे नाटक नको."

"मला समजल्याशिवाय मी लावत नाही. ध्रुव, परत सांग. सगळ्यांसमोर सांग."

ध्रुवनं परत सांगितलं. त्यात लपवण्यासारखं त्याला काहीच वाटत नव्हतं. टोपी घालून बायकांनी रोजच्यासारखं शिवायचं. कॅमेरा त्यांचे हात बघणार. कापड कसं धरलं, बाहीचा गोल कसा फिरवला, दोरा कुठं तोडला, सगळं. असे हजारो हातांचे व्हिडिओ जमले की कॉम्प्युटर त्यावरून शिकतो. आणि मग ज्या कंपन्या लोखंडी हात बनवतात, त्या हे शिकलेलं विकत घेतात.

"आणि ते लोखंडी हात काय करणार?" महानंदानं विचारलं.

"शिवणार."

"मग मी काय करणार?"

ध्रुवनं एक टोपी उचलून परत सरळ ठेवली. "ते लगेच नाही होत गं आत्या. वर्षं लागतात. तोवर कंपनी दर महिन्याला पैसे देणार, शिवणाचे मिळतात त्याच्यावर."

"कधी होणार ते मी विचारलं नाही. मी काय करणार ते विचारलं."

आप्पांच्या मशीनजवळ बसलेली कारखान्यातली जुनी शिवणारी तानूबाई कापसाची वात वळता वळता म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच की." आणि पुन्हा वात वळू लागली.

*

ज्योतिबाअण्णांना मनातून राग आला होता तो बहिणीचा नव्हे. राग आला होता तो या सगळ्याला इतका उशीर झाल्याचा.

ध्रुवनं कधी कात्री हातात धरली नाही. लहानपणी मशीनच्या पायट्यावर बसून अभ्यास करायचा, पण सुईत दोरा ओवायला सांगितला तरी तोंड वाकडं. पुढं इंजिनिअर झाला, पुण्याची बायको केली, एक्स्प्रेसवेच्या पलीकडं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. महिन्यातून एकदा यायचा, जेवून जायचा. कारखान्याचा जिना चढायला त्याला सणच लागायचा. आणि आता तोच मुलगा एक दिवस आपण होऊन आला आणि म्हणाला, बाबा, आपल्या कारखान्याला काम आणलंय. आपल्या म्हणाला. अण्णांनी पुढचं फार ऐकलंच नाही. लगेच हो म्हणून टाकलं.

खालची दुकानं आता ब्लाऊज तयार घेऊ लागली होती, शाळा युनिफॉर्म मोठ्या कारखान्यांना देत होत्या. हे ध्रुवला सांगायची गरज नव्हती आणि महानंदालाही नव्हती. तिला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मग मुलानं दिलेला हात धरायला हिचं काय जातं? अण्णांच्या मते सगळा प्रश्न एवढाच होता.

त्यात तिचं डोकं पहिल्यापासून तिरकं. नवरा गेल्यावर ती परत आली तेव्हा आप्पांनी तिला सांगितलं होतं, घरात बस, दोन घास खा. ती म्हणाली, घास खाईन पण मशीनवर बसून. आणि बसली ती बसलीच. तिच्या हाताखालून शिकून गेलेल्या मुली किती, त्यांनी शिवलेले ब्लाऊज घालून लग्न झालेल्या किती. अण्णा गल्ल्यावर बसायचे, गिऱ्हाईक मात्र आत डोकावून विचारायचं, अक्का आहेत ना?

*

ध्रुवची बायको वेदिका जिन्यावरच्या छोट्या ओट्यावर कॉफी करत होती. लग्न होऊन बंगळूरला आल्यापासून ती या घरात जास्त ऐकायची आणि कमी बोलायची. यांचं मराठी तिला सुरुवातीला अर्धंच कळायचं, आता बरंचसं कळतं. महानंदा पेले घ्यायला बाहेर आली तेव्हा तिनं गॅस बारीक केला.

"आत्या, एक सांगू? तुम्ही नाही म्हणा."

महानंदानं पेला हातातच ठेवला. "तुझाच नवरा आणतोय नं ते?"

"म्हणूनच आत बोलत नाहीये. आमच्या ऑफिसात खालच्या मजल्यावर फोन घेणाऱ्या मुली होत्या. हुबळीच्या, रायचूरच्या, तिकडच्या सगळ्या. त्यांचेच कॉल्स ऐकवून ऐकवून सिस्टीमला बोलायला शिकवलं. त्यांना सांगितलं होतं की याने तुमचं काम सोपं होईल. अॅक्चुअली झालंच सोपं. आता तो मजला रिकामा आहे, भाड्यानं द्यायचा बोर्ड लागलाय."

"मुली कुठं गेल्या?"

"माहीत नाही. कुणी विचारलंही नाही."

महानंदानं हातातला पेला ओट्यावर ठेवला. तिला भीती वाटत होती. आत सगळ्यांसमोर तिनं तोंड चालवलं होतं ते उसनं अवसान आणून. ह्या वयात दुसरं काय करणार आपण? अण्णा नको म्हणाला तर बसायचं कुठं? राहायला त्याचंच घर, शिवायला त्याचंच मशीन. माहेरी परत आलेल्या बाईला सगळे अक्का म्हणतात, पण तिच्या नावावर काही नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तू आत बोलशील?" तिनं विचारलं.

वेदिकानं पेले ट्रेमध्ये मांडायला घेतले. खालून हाय हील्सचा आवाज जिना चढत होता.

*

अनुषा चांगली बाई होती. हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर उगाच वाटेल की कंपनीतून कुणी राक्षसीण आली. ध्रुवची वरिष्ठ, के. आर. पुरमची, कन्नड घरातली. सणाची म्हणून साडी नेसून आली होती, येताना शेवंतीच्या माळा आणि मिठाई घेऊन आली होती. आल्या आल्या तिनं बाहेर चपला काढल्या, पाटासमोर वाकून नमस्कार केला, आणि "तुंबा चेन्नागिदे", फारच छान आहे, असं म्हणत सगळ्या हत्यारांचं मनापासून कौतुक केलं. आयुधपूजा तिच्याही घरी होतीच. अण्णा कन्नडमध्ये तिच्याशी असे बोलू लागले की जणू सून बघायला आलेत.

तिनं सांगितलं की दोनतीन ठिकाणं बघून झाली, पण हंचाट्यांच्या कारखान्यासारखे हात तिला कुठं दिसले नाहीत. आज नुसता होकार घ्यायचा आणि सगळ्यांचा एक फोटो.

अण्णांनी बायकांकडं पाहिलं. "तानूबाई, तुमचं काय?"

तानूबाईनं वातीचं ताट बाजूला ठेवलं. महानंदाला वाटलं, आता ही आपल्या बाजूनं बोलणार. मघाशी अवलक्षण म्हणाली होतीच.

"मला चालतंय," तानूबाई म्हणाली.

"तानूबाई!"

"अगं बाई, माझे डोळे गेले, कंबर गेली. बसून तुरपाई करायची आणि वर टोपीचे वेगळे मिळणार. ते लोखंडाचे हात येईपर्यंत मी असणार हाय का? तुझं ठीक हाय, तू अजून वीस वर्षं शिवशील. मी दोन शिवली तर डोक्यावरून पाणी." तिनं महानंदाकडं बघायचं टाळलं. "अवलक्षण हाय ते मलाबी कळतंय. पण पोट आधी हाय."

महानंदानं मान हलवली. तानूबाई खोटं बोलली नव्हती.

"आत्या?" ध्रुव म्हणाला. त्याच्या आवाजात आर्जव होतं. ही आत्याच त्याला शाळेत असताना युनिफॉर्म शिवून द्यायची, वाढत्या अंगाचा म्हणून आत चार बोटं कापड दुमडून. तिला दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं. "हे बघ, तू नाही म्हणालीस म्हणून ते थांबणार नाही. आपण नाही तर तिरुपूरला कुणीतरी हो म्हणेल, सुरतेला म्हणेल. येणार ते येणारच. मग निदान आपल्याला तरी काही मिळू दे. मी खोटं सांगतोय का?"

"नाही, तू खोटं नाही सांगत."

"मग?"

महानंदानं पदर खोचला. "सरी," ती म्हणाली. "बरं, घालते टोपी."

योगीराजनं चमकून वर पाहिलं. अण्णांचा चेहरा असा उजळला की त्यांनी स्वतःच उठून कुंकवाची वाटी पुढं केली. वेदिका दारातच थांबली, हातात कॉफीचा ट्रे.

"पण आपल्याकडं शिकायला येणाऱ्याची एक रीत आहे," महानंदा म्हणाली. "ती झाली पाहिजे. आज खंडेनवमी, दिवसही तोच."

अण्णांचा हात वाटीसकट थांबला. त्यांना लगेच कळलं. नाही म्हणायची मात्र सोय नव्हती, कारण रीत आप्पांची होती.

आप्पांचा एक शागीर्द होता, सात-आठ वर्षं इथं शिकला आणि एक दिवस बरोबर समोरच्या माळ्यावर दुकान टाकून बसला. अर्धं गिऱ्हाईक तिकडं गेलं. आप्पा त्याच्याशी भांडले नाहीत, पण तेव्हापासून त्यांनी नियम केला. इथं शिकून जो जाईल, त्यानं खंडेनवमीला या मशीनसमोर नारळ हातात घेऊन शपथ घ्यायची. शिकलेलं पोटासाठी कुठंही न्यावं, जगात कुठंही दुकान टाकावं, फक्त ह्या गल्लीत नाही. तुमकूरला गेला त्यानं घेतली, शिमोग्याला गेली तिनं घेतली, के. आर. पुरमला लेडीज टेलर म्हणून नाव काढलेली सोनम शपथ घेताना रडली होती. आजवर कुणी मोडली नव्हती.

"आता तुमचं ते मशीन माझ्याकडं शिकणार," महानंदा अनुषाला म्हणाली. ती मुद्दाम कन्नडमध्ये बोलली, म्हणजे मध्ये ध्रुव नको. "म्हणजे ते माझं शागीर्द झालं. त्याला तर बोलता येत नाही. त्याच्या वतीनं शपथ तुम्ही घ्या."

अनुषाला ती कल्पना फारच आवडली. तिनं फोन ध्रुवच्या हातात दिला, व्हिडिओ काढ म्हणाली, आणि साडीचा पदर सावरून आप्पांच्या मशीनसमोर उभी राहिली. महानंदानं तिच्या ओंजळीत नारळ दिला.

"म्हणा. इथं शिकलं ते पोटासाठी नेईन."

अनुषानं म्हटलं. कन्नड घरातल्या तोंडाला मराठी जड जात होतं, तरी नीट म्हटलं.

"पण ह्या गल्लीत नाही."

अनुषाच्या तोंडून 'पण' एवढंच आलं आणि ती थांबली. "गल्लीत नाही, म्हणजे?"

महानंदानं तिला अर्थ सांगितला. साधा होता. तुमच्या मशीनला हे हात शिकवतील. उद्या ते तयार होईल. ते कुठंही शिवू दे. पण चिकपेटेतल्या ह्या गल्लीत, खालच्या दुकानांत, माझ्या गिऱ्हाइकाचा ब्लाऊज त्यानं शिवायचा नाही. एवढंच म्हणायचं आणि टोपी घालायची.

ध्रुव फोन धरून उभा होता, व्हिडिओ चालूच होता.

अनुषानं नारळाकडं पाहिलं. मग आप्पांच्या मशीनकडं, हार घातलेल्या, कुंकू लावलेल्या. तिच्या आईच्या घरी शिवणयंत्र होतं की नाही कुणास ठाऊक, पण आज ती जे बोलेल ते आयुधपूजेसमोर बोलेल हे तिला कळत होतं. "अक्का, ते तयार झालं की कुणीही विकत घेईल," ती हळू म्हणाली. "कुठल्या गल्लीत जाईल हे मला कसं सांगता येईल? सुळ्ळु हेळक्कागल्ला." खोटं बोलता यायचं नाही.

"खरं बोललात," महानंदा म्हणाली. "मला आवडलं."

"थांबा, मी घेतो." ध्रुवनं फोन खिशात टाकला आणि अनुषाच्या हातातून नारळ घेतला. "नुसतं म्हणायचंच आहे ना? मी म्हणतो. इथं शिकलं ते पोटासाठी नेईन, पण ह्या..."

"ध्रुव," दारातून वेदिका म्हणाली.

ती एवढंच म्हणाली, पण या खोलीत ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. तिनं ट्रे खाली ठेवला.

"आजोबांच्या मशीनसमोर खोटी शपथ घेऊ नको. नंतर तुलाच त्रास होईल. मला माहितीये ना तू कसा आहेस."

ध्रुव नारळ घेऊन तसाच उभा राहिला. त्याला वडिलांची आशा दिसत होती, वरिष्ठ बाईचं अवघडलेपण दिसत होतं, आणि बायको कुणाच्या बाजूला उभी आहे तेही आता दिसत होतं. त्यानं नारळ मशीनच्या लाकडी फळीवर ठेवला. मघाचं वाक्य काही त्यानं पुरं केलं नाही.

*

पाहुणीसमोर असं झालं, याहून मोठा अपमान ज्योतिबाअण्णांच्या लेखी नव्हता.

"पुरे झालं!" ते ओरडले. "रीत, रीत! आप्पा गेले तेव्हा कॉम्प्युटर होता का? हे दुकान माझं आहे. पाटी माझ्या नावाची आहे. माझा पोरगा एवढ्या वर्षांनी काहीतरी घेऊन दारात आला आणि तू त्याला शपथा घालतेस? उद्या दसरा. परवापासून इथं काम करायचं त्यानं टोपी घालायची. ज्याला नको, त्यानं जिना चढू नये."

"बाबा, असं नको," ध्रुव म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्यासाठीच बोलतोय."

महानंदाला वाटलं होतं की हा शब्द ऐकून आपण खचून जाऊ. कितीतरी वर्षं याच शब्दाच्या भीतीनं ती वाकून वागत आली होती. पण तो आता बोलून झाला होता आणि ती तर उभीच होती. गंमतच वाटली तिला.

"बरं," ती म्हणाली. "मग मी जाते."

"जा. पण रीतीनं जा." अण्णांनी फळीवरचा नारळ उचलला आणि तिच्यापुढं धरला. "तूही इथंच शिकलीस. आप्पांनीच शिकवलं. तुला रीत फार प्यारी ना? घे शपथ. म्हण."

योगीराजच्या हातातला पुडा सुटला आणि कडलेपुरी जमिनीवर पसरली. कुणी ती गोळा केली नाही.

महानंदानं नारळ घेतला. तो हातात तोलला. तानूबाईनं तोंडाला पदर लावला.

"नाही म्हणणार," महानंदा म्हणाली.

"काय?"

"शपथ शागिर्दाला असते अण्णा, लेकीला नव्हे. आप्पांनी तुला कधी घ्यायला लावली? योगीराजला लावली? मग मलाच का? मी ह्याच गल्लीत बसणार."

"माझ्यासमोर दुकान टाकणार तू?"

"तुझ्यासमोरच टाकणार. तुझी पाटी मला रोज दिसली पाहिजे. समोरचा बटणवाला कधीपासून म्हणतोय, अक्का, माझ्या जिन्याखालची जागा पडून आहे, मशीन टाका."

"आणि मशीन कुठून आणणार? हे तर माझं आहे."

"ते तुझंच राहू दे."

"घरी पलंगाखाली माझं एक आहे, अक्का," योगीराज म्हणाला. कडलेपुरी ओलांडून तो पुढं आला. "तेल घातलं की चालेल. आणि कापायला मी येतो."

अण्णांनी त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं. आजवर एवढं पुरायचं. योगीराजनं मान खाली घातली, मग परत वर केली.

"वटार की. मघाशी हसलो तर वटारलेस, आता बोललो तर वटारतोस. तिथं जिन्याखाली निदान हसता तरी येईल."

"तूसुद्धा?" अण्णा म्हणाले, आणि जवळच्या स्टुलावर बसले. त्यांना राग यायला हवा होता, पण आलं ते रडू. ते त्यांनी नाक शिंकरून दडवलं. आपण मुलाला धरायला गेलो आणि दोन्ही भावंडं हातातून निसटली, एवढं त्यांना दिसत होतं. आणि तरीही शब्द मागं घ्यायला जीभ उचलत नव्हती, कारण हंचाट्यांची जीभ तशी नाहीच.

अनुषानं हळूच चपला शोधायला सुरुवात केली. ध्रुव मात्र आत्याच्या वाटेत आला.

"आत्या, तू समोर बसशील, ठीक आहे. पण ते येणारच आहे गं. तुझ्या जिन्याखाली बसण्यानं ते थांबणार नाही. मी तुला घाबरवत नाहीये, खरंच सांगतोय."

"मला माहिती आहे." तिनं त्याच्या गालाला हात लावला. हाताला कुंकू होतं, ते त्याच्या गालाला लागलं. "नाही थांबायचं ते. येऊ दे. पण यायचं तर त्यानं समोरून यावं. माझ्या डोक्यावर बसून नको."

मग ती तानूबाईकडं वळली. "तुम्ही घाला हो टोपी. मनात काही ठेवू नका. तुमचे हात तुमचे आहेत."

तानूबाई रडू लागली. "तुझं मन कसलं गं," एवढंच तिला म्हणता आलं.

*

महानंदा नारळ घेऊन जिना उतरू लागली. वर जे बोलून आलो ते आता खरं करायचं, हे तिला पायरीगणिक कळत होतं. मागून योगीराज, त्याच्यामागून वेदिका. नवरा अजून वरच होता. वेदिकानं जाताना त्याला काही विचारलं नाही, त्यानंही तिला अडवलं नाही.

गल्ली ओलांडायला चार पावलं पुरतात. पण दुपारची गर्दी, हार विकणारे, माळा घातलेल्या रिक्षा, फोडलेल्या कोहळ्यांवरून पाय घसरणारे लोक. महानंदा नारळ पोटाशी धरून त्यातून पलीकडं गेली. बटणवाला आपल्या गल्ल्याची पूजा आटोपून बसला होता. त्यानं तिच्या हातातला नारळ बघितला, मागं उभा असलेला योगीराज बघितला.

"एनु अक्का? होस अंगडी?" नवं दुकान का, असं त्यानं थट्टेनं विचारलं.

"हौदु," महानंदानं होकारार्थी मान डोलावून सांगितलं.

तो हसायचा थांबला आणि उठून उभा राहिला. मग काही न विचारता त्यानं जिन्याखालची खोकी पायानं बाजूला सारली, चिंध्या झटकल्या आणि कोपऱ्यातली धूळ आपल्याच पंच्यानं पुसली.

वर खिडकीत अण्णा येऊन उभे होते. त्यांच्यामागं ध्रुव. हे दोघांनाही दिसत होतं आणि दोघं बघत आहेत हे खाली सगळ्यांना दिसत होतं. साडीच्या दुकानातली माणसं दारात आली. ह्या गल्लीत आप्पांच्या शपथेची गोष्ट माहीत नाही असं कुणी नव्हतं.

महानंदानं देवीचं नाव घेतलं आणि उंबऱ्याच्या दगडावर नारळ आपटला. पहिल्या फटक्यात नाही फुटला. लोक थांबले. तिनं दात आवळून दुसऱ्यांदा आपटला, आणि पाणी तिच्या साडीवर, बटणवाल्याच्या पायावर, सगळीकडं उडालं. योगीराज मोठ्यानं हसला. इतक्या मोठ्यानं तो पूर्वी कधी हसला होता, हे कुणालाच आठवेना.

खोबऱ्याचे तुकडे करून तिनं सगळ्यांना वाटले. बटणवाल्याला, साडीवाल्यांना, अनुषा गाडीची वाट बघत उभी होती तिलाही. एक मोठा तुकडा मात्र तिनं बाजूला ठेवला होता. तो वेदिकाच्या हातात देत ती खिडकीकडं बघून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"हा वर अण्णाला दे. म्हणावं, समोरच्या दुकानाचा प्रसाद आहे."